फ्लूची लस दरवर्षी का? शरीर खरंच विसरतं का?

आंबाबाग (देवगड):

नमस्कार मंडळी. बाबांच्या लशीवरून घरात वाद चाललाय, म्हणून इथे विचारतोय.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्म १९५१चा. साखर आहे, बीपीची गोळी चालू आहे, पण बागेत रोज फेरी असतेच. गेल्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पावसाआधी त्यांना फ्लूची लस दिली. हात दुखला, रात्री थोडी कणकण आली, दुसऱ्या दिवशी उतरली. मग श्रावणात त्यांना सणसणून ताप आला. अंगदुखी, खोकला, चार दिवस अंथरुणातच. ज्या दवाखान्यात नेलं तिथे कसलीही तपासणी न करता सलाईन लावलं आणि अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. तो फ्लू होता, साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो होता की आणखी काही, आजपर्यंत कळलेलं नाही.

आता हंगाम आटपत आलाय. शेवटच्या पेट्या वाशीला गेल्या की आम्ही मोकळे, आणि डॉक्टर म्हणतात लस परत घ्या. बाबांचं म्हणणं असं, "गोवर मला पोरपणी एकदा झाला. सत्तर वर्षांत परत आला नाही. शरीराला तो अजून आठवतो, मग फ्लूची लस वर्षभरात विसरतं कसं? आणि विसरतच असेल तर पैसे घालवायचे कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. आईचं तर ठाम मत आहे की श्रावणातला ताप लशीनेच आला.

"घ्या" किंवा "नका घेऊ" एवढंच उत्तर नकोय. सुई टोचल्यावर आत नक्की काय होतं, शरीराच्या लक्षात काय राहतं आणि काय जातं, हे कोणी नीट सांगेल का? बाबा जुने मॅट्रिक आहेत. कारण पटलं तर ऐकतात, नाही पटलं तर देवही त्यांना हलवू शकत नाही.

हर्णैकर:

मी दोन वर्षांपूर्वी घेतली होती. तिसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, आठवडाभर होडीवर गेलो नाही. तेव्हापासून घेतली नाही आणि मला काही झालेलंही नाही. लशीत विषाणूच असतो ना? मग आईंचं म्हणणं अगदीच चूक कसं? जाणकारांनी सांगावं, मीही वाचतोय.

लॅबवाली (वेंगुर्ला):

आंबाबाग, तुमच्या बाबांनी जो प्रश्न विचारलाय तोच या विषयातला खरा प्रश्न आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. मुंबईत एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, नोकरीचा मोठा काळ विषाणूंच्या विभागात गेला, आणि निवृत्तीनंतर गावी आले. फ्लूच्या लशीनंतर रक्तात काय बदलतं हे मोजणं हे माझं रोजचं काम होतं.

आधी तापाचं. हर्णैकर, आपल्याकडे इंजेक्शनने देतात त्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. बहुतेक कंपन्या तो कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, रसायनाने मारतात, त्याचे तुकडे करतात आणि पृष्ठभागावरची प्रथिनं शुद्ध करून घेतात. अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात प्रत्येक स्ट्रेनचं, म्हणजे फ्लूच्या प्रत्येक उपप्रकाराचं, १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन (विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) असतं, बस. तुकड्यांतून विषाणू पुन्हा उभा राहत नाही, म्हणून या लशीने फ्लू होणं शक्यच नाही. बाबांना त्या रात्री आलेली कणकण मात्र लशीचीच होती. सुई जिथे टोचली तिथल्या पेशी परकं प्रथिन पाहून धोक्याची रसायनं सोडतात, त्याने हात दुखतो, अंग मोडून येतं आणि एकदोन दिवसांत बरं वाटतं. श्रावणातल्या तापाशी तिचा काही संबंध नाही. आणि तिसऱ्या दिवशीची सर्दी शंभरेक इतर विषाणूंपैकी कुणाचीही असू शकते. त्यांच्यावर ही लस चालत नाही.

आता आत काय होतं ते. दंडाच्या स्नायूत लस गेली की तिथल्या पहारेकरी पेशी, डेंड्रायटिक सेल म्हणतात त्यांना, ते तुकडे गिळतात आणि काखेतल्या लसिकाग्रंथीत घेऊन जातात. लस उजव्या हाताला घेतली तर उजव्या काखेत, डाव्या हाताला घेतली तर डाव्या. तिथे बी पेशी आणि टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दाटीवाटीने बसलेल्या असतात. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एकाच आकाराची अँटीबॉडी (शत्रूला चिकटून त्याला अडवणारं प्रथिन) असते, दुसरीच्या अंगावर दुसऱ्या आकाराची. आलेल्या तुकड्याला जिची अँटीबॉडी चिकटते ती बी पेशी जागी होते. मदतनीस टी पेशीने संमती दिली की तिची संख्या भराभर वाढते.

तिथून दोन वाटा फुटतात. काही पेशी लगेच प्लाझ्मा पेशी होतात, म्हणजे अँटीबॉडी बनवण्याचे कारखानेच. लशीनंतर साधारण सातव्या दिवशी त्या रक्तात सर्वांत जास्त दिसतात आणि मग झपाट्याने कमी होतात. उरलेल्या पेशी ग्रंथीतच थांबतात आणि तिथे जर्मिनल सेंटर नावाची जागा तयार होते. माझ्या मते शरीरातली ही सर्वांत विलक्षण जागा. बी पेशी तिथे आपल्या अँटीबॉडीच्या जनुकात मुद्दाम लहानलहान बदल करतात. ज्यांची पकड घट्ट झाली त्या टिकतात, ज्यांची सैल झाली त्या मरतात, आणि ही निवड पुन्हापुन्हा चालते. अमेरिकेत संशोधकांनी लस घेतलेल्या लोकांच्या काखेतल्या ग्रंथीतून बारीक सुईने पेशी काढून पाहिल्या. त्यातल्या काहींमध्ये लशीनंतर नऊ आठवड्यांपर्यंत हे काम चालू होतं. हात दुखायचा थांबून दोन महिने झालेले असतात, माणूस लस घेतल्याचं विसरलेला असतो, आणि काखेत हे चालूच!

यातून जे उरतं ती स्मृती. आणि ती एका प्रकारची नसते. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिली म्हणजे रक्तात तयार फिरणाऱ्या अँटीबॉडी. या अस्थिमज्जेत, हाडाच्या आतल्या मगजात, जाऊन बसलेल्या प्लाझ्मा पेशी बनवत राहतात. दुसरी म्हणजे स्मृतिपेशी. त्या स्वतः अँटीबॉडी ओतत नाहीत, शांत पडून असतात आणि तोच शत्रू परत दिसला की काही दिवसांत नवी फौज उभी करतात. तिसरी टी पेशींची स्मृती. ती विषाणूच्या आतल्या, फारशा न बदलणाऱ्या भागांवरही असते, पण मारलेल्या विषाणूच्या लशीने ती फारशी वाढत नाही, प्रत्यक्ष आजाराने जास्त वाढते.

गोवरात आणि फ्लूत फरक असा. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून अंगावर पुरळ येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. तेवढ्या वेळात स्मृतिपेशी आरामात जाग्या होतात आणि आजार उभा राहायच्या आतच मोडतात. फ्लूला एवढा वेळ लागत नाही. तो एक ते चार दिवसांत, सरासरी दोन दिवसांत माणसाला आडवं करतो. स्मृतिपेशी कामाला लागेपर्यंत ताप चढलेला असतो. त्यांचा उपयोग होतो, आजार फुप्फुसात उतरायच्या आत आटोक्यात येतो, पण आजार टाळायचा असेल तर विषाणू नाकात शिरतो त्या क्षणी अँटीबॉडी तयार असाव्या लागतात. आणि नेमक्या त्याच ओसरतात. लशीनंतर तीनचार आठवड्यांनी त्या सर्वांत जास्त असतात, पुढे महिन्यामहिन्याला उतरत जातात. अस्थिमज्जेतले नमुने घेऊन केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूच्या लशीने मज्जेत नव्याने बसलेल्या बहुतेक प्लाझ्मा पेशी वर्षभरात नाहीशा झाल्या होत्या. म्हणजे बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे, शरीर थोडं विसरतं. पण सगळं विसरत नाही.

हे माझ्या कामातून सांगते. आमच्याकडे प्रत्येक माणसाच्या रक्ताचे दोन नमुने यायचे, एक लशीआधीचा आणि एक चार आठवड्यांनंतरचा. रक्त साकळू देऊन वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढायचं. मग ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ते निम्मं निम्मं पातळ करत न्यायचं. दहापट, वीसपट, चाळीसपट, असं पुढे १२८० पटीपर्यंत. प्रत्येक खळग्यात मोजून मारलेला विषाणू घालायचा, थोडं थांबायचं, मग कोंबडीच्या किंवा गिनीपिगच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घालायच्या. फ्लूचं हिमॅग्लुटिनिन तांबड्या पेशींना एकमेकींशी जोडतं. सीरममध्ये अँटीबॉडी नसेल तर पेशी जोडल्या जाऊन खळगाभर फिकट गुलाबी पसरून राहतात. अँटीबॉडी असेल तर ती विषाणूला आधीच गाठते, पेशी सुट्या राहतात आणि तळाला बारीक लालभडक ठिपका बसतो. प्लेट तिरकी धरली की तो ठिपका खाली ओघळायला लागतो, आणि तो ओघळला की आम्ही त्या खळग्यापुढे खूण करायचो. ही पद्धत १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांच्या शोधातून आली आणि आजही जगभर चालते. चाळीसपट पातळ केल्यावरही ठिपका बसत असेल तर निरोगी प्रौढात संसर्गाची शक्यता साधारण निम्म्याने कमी धरतात.

त्या प्लेटमध्ये मला सर्वांत विलक्षण वाटायचा तो लशीआधीचा नमुना. प्रौढ माणसाच्या त्या नमुन्यातही पहिल्या एकदोन खळग्यांत बहुतेक वेळा ठिपका असायचाच. पूर्वी कधीतरी झालेल्या फ्लूची किंवा घेतलेल्या लशीची ती खूण. २००८ मध्ये एक अभ्यास आला होता. १९१८च्या महामारीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या लोकांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी नव्वद वर्षांनंतरही जिवंत सापडल्या. आपल्या देशात ती साथ जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून आत आली आणि एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्या साथीची स्मृती माणसाच्या शरीरात एवढी टिकते, हे वाचलं तेव्हा मी टेबलावरचं काम बाजूला ठेवून तो लेख परत पहिल्यापासून वाचला होता.

मग विसरणं कमी आणि लस मात्र दरवर्षी, हे का? कारण फ्लूचा विषाणू स्वतः बदलतो. तुम्ही आंबेवाले आहात म्हणून असं सांगते. हिमॅग्लुटिनिनला फळ आणि देठ असे दोन भाग आहेत असं समजा. फळाचा भाग बाहेर, सगळ्यांच्या नजरेत. आपल्या बहुतेक अँटीबॉडी तोच धरतात आणि विषाणू दरवर्षी नेमका त्याचाच आकार थोडाथोडा बदलतो. देठ वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण तो आत झाकलेला असतो आणि शरीर त्याच्याकडे फार कमी लक्ष देतं. सगळ्या फ्लूंवर चालेल अशी एकच लस बनवायचा प्रयत्न चाललाय, त्यातले बरेच संशोधक या देठाच्याच मागे आहेत. गोवराच्या विषाणूला असा बदल जमत नाही. बाबांना पोरपणी झालेला गोवर आणि आजचा गोवर त्यांच्या शरीराच्या दृष्टीने एकच. १९५१चा फ्लू आणि आजचा फ्लू मात्र एक नाहीत.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, आणि लशीत कोणते स्ट्रेन घालायचे ते ठरवते. आपण उत्तरेत असलो तरी आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये जी लस घ्यायची ती दक्षिण गोलार्धाची. अँटीबॉडी तयार व्हायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे मृग लागायच्या आत टोचून झालेली बरी. खोक्यावर वर्ष आणि गोलार्ध लिहिलेला असतो, तो वाचून घ्या. गेल्या वर्षीची उरलेली नको.

बाबांच्या वयाबद्दल एक गोष्ट राहिली. माणसाला आयुष्यात पहिला जो फ्लू होतो त्याचा ठसा सर्वांत खोल बसतो. थॉमस फ्रान्सिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये हे मांडलं. पुढे कुठलाही नवा फ्लू आला तरी शरीर आधी त्या पहिल्याशी मिळतीजुळती अँटीबॉडी काढतं. १९१८ ते १९५७ माणसांत ए प्रकारचा एकच फ्लू फिरत होता, एच१एन१. १९५७ मध्ये एच२एन२ने त्याची जागा घेतली आणि १९६८ मध्ये एच३एन२ आला. बाबा १९५७ मध्ये सहा वर्षांचे होते, म्हणजे त्यांचा पहिला फ्लू बहुतेक एच१एन१ असणार. २००९च्या स्वाइन फ्लूत, पुण्याने ज्याची पहिली झळ सोसली त्यात, बाबांच्या पिढीला तरुणांपेक्षा तो कमी झाला, यामागे जुन्या एच१एन१ची आठवण होती. पण याचा उलटा अर्थही आहे. एच३एन२शी ओळख त्यांना मोठेपणी झाली, आणि ज्या वर्षी तो जोरात असतो त्या वर्षी म्हातारी माणसं जास्त आजारी पडतात. त्यात साखर. त्यांच्या वयात जर्मिनल सेंटरही तरुणांइतकं जोमदार चालत नाही. म्हणूनच पासष्टीपुढच्यांसाठी काही देशांत चौपट ताकदीची लस देतात. आपल्याकडे नेहमीचीच मिळाली तरी ती घ्यावी, कारण आहे ती आठवण दरवर्षी थोडी उजळते.

शंभर टक्के संरक्षण मिळेल असं मी बाबांना सांगणार नाही. जुळणी चांगली असलेल्या वर्षी ही लस दवाखान्यात जाण्याइतका फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. उरलेल्यांना होतो, पण बहुधा हलका. फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. साखर आणि बीपी असलेल्या चौऱ्याहत्तरीच्या माणसासाठी मला हे आकड्यांपेक्षा मोठं कारण वाटतं.

मालवणी माणूस:

ताई, लय बरा लिवलास. माका एक इचारूचा आसा. मी चार-पाच वरसां घेतंय, काय एक त्रास नाय, हात दुखता एक दिवस, बस. पण माझो भाचो म्हणता, दरवर्षी घेतल्यार शरीर आळशी होता आणि मगे लस लागूच पडणा नाय. खरा काय ता?

लॅबवाली (वेंगुर्ला):

भाऊ, तुमचा भाचा हे कुठेतरी वाचून बोलतोय, आणि त्याला उडवून लावू नका. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेतल्या मुलांवर हे पहिल्यांदा दिसलं. दरवर्षी लस घेणाऱ्या मुलांना पुढच्या साथींत अपेक्षेएवढा फायदा होत नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत यावर अभ्यास चालू आहेत.

प्लेटवर मी स्वतः काय पाहायचे ते सांगते. पहिल्यांदाच लस घेणाऱ्याचा ठिपका दहापटीवरून एकदम १६० किंवा ३२० पटीपर्यंत जायचा. दरवर्षी घेणाऱ्याचा आधीच ४० किंवा ८०वर असायचा आणि लशीनंतर फक्त १६०पर्यंत चढायचा. चढ कमी दिसते, कारण आधीच्या अँटीबॉडी आलेल्या लशीतला काही भाग लगेच झाकून टाकतात आणि नव्या बी पेशींपर्यंत कमी पोचतो. पण शेवटी दोघे जिथे पोचतात ती उंची बऱ्याचदा जवळजवळ सारखी असते. कमी चढण्याला आळस म्हणता येत नाही. त्या माणसाने चढाई आधीच बरीच केलेली असते.

काही वर्षी, विशेषतः एच३एन२च्या बाबतीत, सलग घेणाऱ्यांना एक वर्ष सोडून घेणाऱ्यांपेक्षा थोडं कमी संरक्षण मिळालंय, हे खरं आहे. पण त्या वर्षी मुळीच न घेणाऱ्यांपेक्षा ते बहुतेक वेळा बरेच निघाले. शिवाय मध्ये सोडायचं वर्ष कोणतं, हे कोण सांगणार? साथ कधी जोर धरेल ते कुणाला आधी कळत नाही. तुमच्याकडे वयस्क किंवा दम्याचा माणूस असेल तर त्याच्या बाबतीत हा जुगार खेळू नका.

लशीच्या खोक्यावर पूर्वी चार स्ट्रेन असायचे आणि आता तीन दिसतात म्हणून कोणी "कमी ताकदीची आली" असं म्हटलं तर घाबरू नका. बी यामागाता नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही. बहुधा कोविडच्या टाळेबंदीत तो संपला. म्हणून तो काढला.

आंबाबाग (देवगड):

ताई, तुमचं सगळं लिखाण रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. लसिकाग्रंथीचं आलं तेव्हा त्यांनी स्वतःची काख चाचपून पाहिली. १९५७चं वाचल्यावर म्हणाले, "त्या वर्षी आमच्या शाळेत निम्मी पोरं आडवी होती." आता तयार आहेत. आईही म्हणाली, मी पण घेते मग.

दोन गोष्टी अजून. श्रावणातला तो ताप लेप्टो असला तर लशीचा काही उपयोग नव्हता ना? आणि माझी बहीण ठाण्याहून मुलीला घेऊन आली आहे. भाची सहा वर्षांची, फ्लूची लस कधीच घेतलेली नाही. पंधरा जूनला तिची शाळा सुरू होते. तिला इथेच देऊ का?

लॅबवाली (वेंगुर्ला):

बाबांना त्या वर्षीचं आठवतंय हे वाचून फार बरं वाटलं. १९५७ची ती एच२एन२ची साथ होती, तिला एशियन फ्लू म्हणत. म्हणजे त्यांची त्याच्याशीही गाठ पडलेली असू शकते.

लेप्टोवर फ्लूच्या लशीचा शून्य उपयोग. तो जिवाणूचा आजार, उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून येतो. पोटऱ्या खूप दुखतात, डोळे लाल होतात, खोकला तेवढा नसतो. बाबांना खोकला होता म्हणून माझा कल फ्लूकडे आहे, पण तपासणीशिवाय नक्की सांगणं बरोबर नाही. यंदा पावसाळ्यात ताप आला तर पहिल्या दिवशीच डॉक्टरांना सांगा की लावणीत किंवा बागेतल्या साचलेल्या पाण्यात पाय गेले होते का. फ्लूची घशाची तपासणी पहिल्या तीनचार दिवसांत करायची असते, आणि फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त चालतं. लेप्टोची रक्ततपासणी मात्र बऱ्याचदा पाचसहा दिवसांनंतरच होकारार्थी येते, आधी नकारार्थी आली म्हणून सोडून देऊ नका. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या जंगलात काम करणाऱ्यांनी माकडतापाचंही सांगायला हवं. तापाला एकच नाव देऊन मोकळं होणं आपल्या भागात परवडत नाही.

भाचीला दोन डोस लागतील, मध्ये किमान चार आठवडे. सहा महिने ते आठ वर्षं वयाच्या मुलांना पहिल्याच वर्षी असं देतात. कारण मोठ्यांच्या शरीरात उजळायला जुनी आठवण असते, लहान मुलांत ती बहुतेक नसते किंवा कच्ची असते. पहिल्या डोसाने बी पेशींना नुसती ओळख होते, दुसऱ्याने अँटीबॉडी खऱ्या अर्थाने वर जातात. पुढच्या वर्षापासून एकच पुरतो. पहिला डोस आत्ता देवगडात द्या आणि दुसरा ठाण्याला, पण ब्रँड आणि तारीख कार्डावर लिहून घ्यायला विसरू नका, तिकडच्या डॉक्टरांना ते लागेल. अंड्याची जबर ॲलर्जी किंवा पूर्वी कुठल्या लशीची गंभीर रिॲक्शन आली असेल तर टोचण्याआधी सांगा, आणि टोचल्यावर तिघांनाही पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसवा.

आणि शीतसाखळीबद्दल, कारण यात मी फार नुकसान पाहिलंय. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. गरम झाली तर ती बिघडतेच, पण गोठली तरीही बिघडते, आणि बाहेरून पाहून काहीच कळत नाही. मेअखेरीच्या वळवात तुमच्याकडे वीज कितीकदा जाते ते मला सांगायला नको. औषधाच्या दुकानातून लस घेऊन दवाखान्यात न्यायची असेल तर फ्रिजला बॅकअप आहे का ते विचारा, थर्मामीटर दाखवायला सांगा, आणि नेताना थर्मासमध्ये बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये कापडाची घडी घाला. आंब्याची पेटी भरताना पेंढ्याबाबत जेवढं बघता तेवढं यात बघा. शक्य असेल तर सरळ डॉक्टरांकडच्या फ्रिजमधूनच टोचून घ्या.